झालरीखालच्या दोऱ्या

शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी निघोज्यातल्या एका कंपनीच्या मैदानावर गोल तंबू पडला. आत सात माणसं होती. सहा जणांना खरचटलं. असेंब्ली लाइनवरच्या पुनमचं खांद्याचं हाड मोडलं. साडेबाराला कार्यक्रमाचा ठेकेदार दिग्विजय याने कंपनीला मेल केला: शिवण उसवल्याने तंबू कोसळला.

तंबू शिवणाऱ्या मंजुळाबाईंना हे रविवारी सकाळी कळलं, तेही त्याच्याच फोनवरून.

"मावशी, एक कागद पाठवतो, सही करा. शिवणीत दोष राहिला असावा, एवढंच आहे."

"माझी शिवण उसवली?"

"तसं नुसतं लिहायचंय. इन्शुरन्सचं काम असतं. तुम्हाला कोण काय करणार?"

"लिहिलं तुम्ही, तर सही पण तुम्हीच ठोका," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मंजुळाबाई हिंगोलीकडच्या. काळेवाडीत दहा बाय बाराच्या गाळ्यात सव्वीस वर्षं त्या ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. गोल तंबू हा पहिलाच. कंपनीच्या फॅमिली डेसाठी जुन्या काळातली छावणी हवी होती, आणि दिग्विजयने मोबाइलवर परदेशातलं एक चित्र दाखवलं होतं. गाळ्यात गोल मावेना. मग शाळेच्या मैदानात खुंटी ठोकून, दोरीच्या टोकाला खिळा बांधून त्यांनी बावीस फुटांचं वर्तुळ आखलं. छताच्या सोळा कळ्या कापल्या, वर निमुळत्या, खाली रुंद. कडा एकमेकींत दुमडून दुहेरी टीप मारली. प्रत्येक शिवणीत दोरी घातली, म्हणजे ताण दोरीवर येतो, कापडावर नाही. शिवणीची शेवटची वीत निळ्या दोऱ्याने. ही त्यांची जुनी रीत: ताडपत्री दुरुस्तीला परत आली की आपली टीप कोणती आणि दुसऱ्याची कोणती, ते कळतं.

दिग्विजय बघायला आला तेव्हा त्याला तंबूभोवतीच्या ताणाच्या दोऱ्या आवडल्या नाहीत.

"फोटोत येतात, मावशी. निम्म्या काढू."

"गोल तंबू खांबावर उभा नसतो, भाऊ. दोऱ्यांवर असतो. खांब नुसता कापड वर धरतो."

"मग निदान दोऱ्या बांधायच्या त्या लोखंडी कड्या तरी झाका. बैल बांधायच्या वाटतात."

कड्या झाकायला मंजुळाबाईंनी झालर वीतभर लांब केली. लाल कापडाच्या कमानी, त्यांवर पिवळे सूर्य आणि कोयऱ्या, सगळं हाताने. अकरा दिवस लागले. झालर लागली तेव्हा त्या रस्त्यापलीकडे जाऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या होत्या.

रविवारी दहाला त्या निघोज्याला पोचल्या. गेटवरचे वॉचमन बबनराव निघोज्यातलेच. त्यांनी आत सोडलं. कापडाचा ढीग तसाच पडला होता. मंजुळाबाई गुडघ्यांवर बसून एकेक शिवण हाताने चाचपत गेल्या. सोळाच्या सोळा धड. निळा दोरा कुठेही तुटला नव्हता. मग त्यांनी झालर उचलली. दरवाजाच्या बाजूच्या पाच कड्यांत दोऱ्यांची बोटभर थोटकं होती, धारेने कापलेली. त्याच पाच दोऱ्या कुंपणाशी कचऱ्यात सापडल्या.

"ह्या कवा कापल्या?"

"शनवारी सकाळी. फोटोवाला आला तवा," बबनराव म्हणाले. "त्याच खुंट्यांना रंगीत पताका बांधल्या. लांबनं वाटायचं, दोरीलाच लावल्यात. ठेकेदाराच्या माणसांना कटर मीच दिला, ताई. मला वाटलं खोकी फोडायचीत."

"साहेबांपुढं सांगाल का?"

"माझं पोरगं कंपनीत लागायचंय. तुमीच सांगा, मी काय बोलू?"

"मी कामून सांगू? तोंड तुमचं हाय." मंजुळाबाईंनी दोऱ्या पिशवीत भरल्या. "तुम्ही राउंड तरी मारला होता का?"

"दोनदा. पन झालरीखालचं काय दिसतंय?"

मंजुळाबाईंच्या हातात झालरीचं टोक होतं. ते त्यांनी सोडलं.

सोमवारी तीन वाजता कंपनीच्या सेफ्टी ऑफिसर उत्कर्षा यांनी जबाब घेतला.

"दोऱ्या कापताना तुम्ही पाहिलं?"

"न्हाई."

"मग कोणी?"

खिडकीतून गेट दिसत होतं. बबनराव एका ट्रकचा नंबर वहीत लिहीत होते.

"ज्यानं पाहिलं त्याला तुम्ही विचारा," मंजुळाबाई म्हणाल्या. "माझं लिहून घ्या. शिवण उसवली न्हाई. दोऱ्या कापलेल्या कुणाला दिसल्या न्हाईत, त्या माझ्या झालरीमुळं. झालर मी लांब केली."

उत्कर्षा यांनी पेन थांबवलं. "मावशी, हे शेवटचं तुमच्याच अंगावर येईल."

"येऊ द्या. जे माझं हाय ते घाला माझ्यावर. त्यांचं कामून घालायलाव?"

पुनमवर मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. बुधवारी दिग्विजयने सहीचा कागद पुन्हा पाठवला, तो तसाच परत गेला. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत चौकशीचा अहवाल आलेला नव्हता आणि बबनरावांना कुणी बोलावलेलं नव्हतं. त्या पाच दोऱ्यांची पिशवी जपून ठेवा, माणूस पाठवते, असं उत्कर्षा यांनी सांगितलं होतं. काळेवाडीच्या गाळ्यात ती मशिनवरच्या खिळ्याला टांगलेली आहे. न्यायला अजून कुणी आलेलं नाही.