गरम मुशीचे वजन

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. पण भाजीवाल्याचा नव्हे हं! खनिजे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत बसून मी काम केले. मला घडवणाऱ्या कारागिराने शेवटचा हात फिरवताना श्वास रोखून धरला होता. म्हणूनच की काय, कुणी जवळ शिंकले तरी माझा काटा हलायचा. या नाजूकपणाचे तेव्हा सर्वांना भारी कौतुक होते.

एकदा माझ्यासमोर दोन देशांचे दगड आले, एक आमच्या देशाचा आणि एक शेजारच्या. दोन्हींत फॉस्फेट होते. त्यापासून पिकांचे खत बनते. खत कारखान्याची अट होती, की शंभरात तीस भागांहून कमी फॉस्फेट निघाले तर त्या देशाचा दगड घ्यायचा नाही. आमची खाण त्या एकाच कारखान्याच्या जिवावर चालायची. आणि दगड तपासणाऱ्या बाईंचा थोरला भाऊ त्याच खाणीत सुरुंग लावायचा.

सकाळी शेजाऱ्यांचा दगड तपासला. एकतीस भरले. दुपारी आमची पाळी आली, तेव्हा प्रयोगशाळेचे साहेब घड्याळ बघत दारातच उभे होते.

"बाई, कारखान्याचा दोनदा फोन येऊन गेला. आटपा!"

दगडातून वेगळे काढलेले फॉस्फेट एका छोट्या मुशीत, म्हणजे आगीत न तडकणाऱ्या वाटीत, भट्टीत तापत होते. बाईंनी ती मूस चिमट्याने उचलली आणि घाईघाईत थेट माझ्या पारड्यात ठेवली. अहो, गरम मूस कधी तोलायची नसते! गरम वस्तूभोवतीची हवा वर चढते, पारड्याला उचलून धरते आणि वजन कमी दिसते. वीस वर्षे बाई नवख्यांना हेच शिकवत आल्या होत्या. आज स्वतःच विसरल्या!

त्यांनी हिशेब केला. एकोणतीस. त्यांनी पुन्हा मोजून पाहिले; आकडा तोच.

"लिहून टाका," साहेब हळूच म्हणाले. "आकड्यापुढे आपलं काय चालणार?"

बाईंनी पेन उचलले. मला कुठे तोंड होते ओरडायला? होता तो एक काटा. मूस निवत होती, तसा तो केसभर सरकला. मग आणखी केसभर.

"हा थांबत का नाहीये?" बाईंनी मुशीजवळ बोट नेले आणि चटकन मागे घेतले. "साहेब, माझं चुकलं. मूस गरम आहे. अर्धा तास द्या."

"अर्धा तास? ते लोक चिडतील!"

"चिडू देत. या वजनावर मी सही करणार नाही."

बाईंनी मूस झाकण असलेल्या काचेच्या भांड्यात निवायला ठेवली. फोन वाजला, साहेब अजिजीने बोलत राहिले. तो अर्धा तास काही केल्या सरता सरेना. अखेर थंड मूस पारड्यात आली.

साडेतीस.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "काय गं, आपला दगड जिंकला का?"

"नाही रे दादा. त्यांचाच जास्त, अर्ध्या टक्क्यानं. पण तुमची खाण चालू राहील."



आता बाई निवृत्त झाल्या आहेत. टेबलावर झटकन आकडा दाखवणारा नवा वजनकाटा आला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण जाताना बाईंनी भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवली होती, 'आधी निवू द्या.' तिचा एक कोपरा सुटला आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल. ती चिठ्ठी तेवढी कुणीतरी पुन्हा चिकटवा.