उतरलेला गंधार

गोल बटण बोटांत धरलं की आधी किंचित अडखळतं, मग वळतं... उणे बारा, उणे तेरा. सिंथेसायझरच्या चिमुकल्या पडद्यावर बारा सुरांच्या बारा ओळी, प्रत्येकीपुढे एक आकडा – सूर किती उतरवला किंवा चढवला त्याचा. कारखान्यातून येताना बाराही ठिकाणी शून्य, म्हणजे सगळे सूर शाळेतल्या रांगेसारखे जिथल्या तिथे. तीन दिवस तो ती रांग मोडत होता. शेजारी जुन्या कॅसेटमधून आई गात होती – एकटीच, मागे फक्त भांड्यांचा आवाज. तिचा सूर आणि यंत्राचा सूर एकत्र लागले की मध्ये थरथर ऐकू यायची, ती मिटेपर्यंत तो बटण फिरवायचा. उणे चौदा. मिटली.

गंधार होता तो. नेमका तोच... पंधराव्या वर्षी, संगीताच्या वर्गात जाऊन नुकतीच शिंगं फुटलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हा दीडशहाणा म्हणाला होता, “आई, तुझा गंधार उतरतो. दरवेळी.” सगळे हसले, आईही हसली. त्यानंतर ती त्याच्यासमोर गायली नाही – रुसून नाही, रागावून नाही, नुसती गायली नाही. आता ती गेल्यावर आपण तिची चूक आकड्यांत मोजत बसलोय, माफी अशी मागतात का?... त्याला स्वतःची लाज वाटली. तरी त्याने आणखी एक ओळ घेतली. धैवत, अधिक नऊ.

दुपारी वडील चहाचा कप घेऊन आले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे पियानो सुरात लावले होते. त्याने त्यांना सप्तक सावकाश वाजवून दाखवलं. कप ओठांपाशीच थांबला.

“अरे, हा तर आपला पियानो!”

“नाही बाबा, आईचा आवाज आहे. कॅसेटवरून तिचे सूर काढलेत.”

“मला सांगतोस? घर बदलताना विकला तोच. ग उतरलेला, ध चढलेला. सकाळी त्यावर वाजवायची आणि दिवसभर तेच गुणगुणायची. मी लावायला बसलो की झाकण लावून टाकायची. अहो, दिवसभर लोकांकडे ठोकाठोक करून येता, घरी तरी गप्प बसा, म्हणायची.” ते हसले. “कान पक्का होता तिचा.”

ते कप विसळायला गेले.

म्हणजे ती चुकत नव्हती... आणि तिला ते ठाऊक होतं. पियानोच उतरलाय, एवढं म्हणाली असती तर सुटली असती. पण त्या दिवशी पाहुण्यांत वडील बसले होते – गावभराचे पियानो लावणारे वडील, आणि घरचाच पियानो बेसूर. तिने हसून चूक आपल्या अंगावर घेतली, आणि आपण इतकी वर्षं ती तिच्याच अंगावर राहू दिली.

पडद्यावर यंत्र विचारत होतं: या सुरांच्या तक्त्याचं नाव? त्याने ते तसंच रिकामं ठेवलं आणि गंधार दाबून धरला. तो उतरलेला वाटेना. चढलेले आपणच होतो, त्याला वाटलं, पंधराव्या वर्षापासून. कॅसेट संपल्याचा खटका वाजला तरी त्याने बोट उचललं नाही.