हानाई दिलेली फळी

मी एक जुनी फळी आहे. लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत यायला माणसे जी फळी वापरतात, ती. तुम्ही मला सर्फबोर्ड म्हणाल. मित्रांनो, मला पाहायला आलात तर आधी तिकीट काढावे लागेल. मग थंड हवेचा एक लांबलचक हॉल लागेल आणि डाव्या हाताला, जाड काचेच्या मागे, पोलादी पंजांत पकडलेली मी दिसेन. लोक थांबतात, माझ्याकडे पाहतात आणि म्हणतात, किती छान जपलंय. ते ऐकून मला रोज गुदमरल्यासारखे होते.

आमच्या बेटाच्या डोंगरावरच्या कोआ नावाच्या झाडातून मला काविकाने घडवले. तो तेव्हा ऐन उमेदीत होता. झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी त्याने मुळाशी एक लाल मासा ठेवला आणि झाडाची परवानगी मागितली. बरोबरचे मित्र गालातल्या गालात हसले. त्या दिवसांत सगळे फोमच्या हलक्या फळ्या दुकानातून उचलून आणत आणि हा गडी पूर्वजांच्या पद्धतीची, पातळ, सपाट पोटाची, खाली माशासारखा पर नसलेली लाकडी फळी करायला निघाला होता. मी तयार झाले तेव्हा एकाने मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, लाटेचं काही सांगता येत नाही, पण अळवाचे कंद कुटायला बरी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काविका मला काखोटीला मारून कायमोएच्या खाडीत उतरला आणि तोच मित्र संध्याकाळी मला उसनी मागायला दारात उभा राहिला.

माझ्या सुखाचे दिवस ते. पहाट झाली की आम्ही दोघे पाण्यात. काविका पोटावर झोपून हातांनी पाणी मारी, लाट मागून उचलून घेई, तो उभा राही, आणि मग माझ्या पोटाखालून समुद्र असा धावे की मला माझे वजनच कळत नसे. घरी आल्यावर तो मला सावलीत वाळवी, रान अक्रोडाचे तेल चोळी आणि कापडात गुंडाळून ठेवी. त्याची मुलगी माझ्यावर बसायला शिकली. पुढे तिची मुलगी नोहेआ झाली, तिलाही रांगत्या वयात माझ्यावर पालथे निजवून गुडघाभर पाण्यात फिरवले होते. ती भोकाड पसरून रडली, हे तिला अजून कोणी सांगितलेले नाही.

काविकाने घरच्यांना एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा सांगून ठेवली होती. आमच्याकडे समुद्राचा माणूस गेला की त्याची राख फळीवरून आत नेतात, बाकीचे आपापल्या फळ्यांवर गोल करून बसतात आणि मध्ये फुले सोडतात. काविका म्हणे, "मला हिच्यावरूनच न्या. दुसऱ्या कुठल्या फळीवर मी चढायचो नाही."

लाटेला फुटायला खाली उथळ तळ लागतो. ती खोल पाण्यातून येते, खडकाला ठेचकाळते आणि पुढे कोसळते, त्या कोसळण्यावरच आमचे सगळे चालते. कायमोएचा खडक जिवंत होता, पोवळ्यांचा. समुद्र वर्षावर्षाला चढत गेला, पोवळी आधी पांढरी पडली आणि मग भुगा झाली, आणि लाट खडकावरून न थांबता पुढे जाऊ लागली. ती सरळ रस्त्यावर येऊन आदळे. मग तिने काविकाच्या अंगणात यायला सुरुवात केली, मग स्वयंपाकघरात. शेवटी सगळ्या गल्लीलाच वर टेकडीवरच्या इमारतींत हलवले. तिथल्या लिफ्टमध्ये काविका मावला, त्याचा पलंग मावला, पण मी काही मावले नाही.

त्याच सुमारास वरच्या ओसाड पडलेल्या उसाच्या जमिनीत यंत्राने लाटा उठवणारा हा तलाव झाला; माझा हॉल त्याच्याच काठावर आहे. इथे घंटा वाजते आणि लाट येते, पुन्हा घंटा, पुन्हा तशीच लाट. खोटे कशाला बोलू, लाटा देखण्या आहेत. ज्यांच्या गावी समुद्र नाही अशी मुले इथे येऊन शिकतात. त्यांच्या फळ्यांना खाली लांब दांडा आणि त्याला पंख असतो, त्यावर ती पाण्याच्या वर तरंगत जातात, आणि डोळ्यांवरचा चष्मा कानात सांगतो की आता ऊठ, आता वाक. एका मुलाला नोहेआने विचारले, कधी समुद्रात येशील का, तर तो तोंड वाकडे करून म्हणाला, नको, तिथे मासे असतात.

हो, नोहेआ इथेच शिकवते. मला इथे आणण्याची कल्पनाही तिचीच. ती काविकाला म्हणाली, टूटू, तलाववाल्यांकडे जागा आहे, आणि मी रोज तिच्यावर नजर ठेवीन. टूटू म्हणजे आजोबा. काविका बरेच दिवस घुटमळला आणि मग म्हणाला की ठीक आहे, हानाई देतो.

हा शब्द नीट ऐका, कारण माझे सगळे नशीब त्यात अडकले आहे. आमच्याकडे मूल हानाई देतात. कधी आजीकडे, कधी मावशीकडे, कधी शेजारी ज्यांच्या घरात मूल नाही त्यांच्याकडे. मूल त्या घरचे होते, त्यांच्या ताटात जेवते. पण जन्माच्या घराचे दार त्याला बंद होत नसते. सणावाराला, दुखण्याखुपण्याला ते येते, आणि तिकडचे लोक त्याला पाठवतात. तलावाचे व्यवस्थापक हॉलिस साहेब दूरच्या गावचे, मनाने चांगले. त्यांनी हानाई ऐकले आणि त्यांना भेट असे समजले. त्यांनी काविकाचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले आणि एक कागद पुढे केला. काविकाने न वाचताच सही केली. लेकरू देताना कोण कागद वाचतो?

सुरुवातीला दर रविवारी काविका येई आणि मला तेल लावी. मग पाहुण्यांचे हात लागतात म्हणून काच बसली. तेल बंद झाले. तो काचेपुढे उभा राहून माझ्याकडे बघत बसे, नोहेआ कामावरून सुटेपर्यंत. आतली हवा कोरडी असते, माझ्या शेपटाकडे एक चीर जाऊ लागली. ती त्याला बाहेरून दिसली होती. त्याने हॉलिस साहेबांना सांगितले, त्यांनी लगेच माणूस बोलावला, आणि त्या माणसाने माझ्यावरचा दिवा बदलला.

एका रविवारी नोहेआ लंगडत आली. खाली कायमोएला नवीन लाट उठायला लागली होती. खडकावरची लाट गेली ती गेलीच, पण समुद्र आता आमच्या बुडालेल्या गल्लीवर आला होता, आणि सिमेंटच्या त्या उथळ रस्त्याला ठेचकाळून लाट अशी सुरेख फुटत होती की नोहेआला राहवले नाही. ती आपली पंखवाली फळी घेऊन गेली. पंख रस्त्यावर आपटून मोडला आणि हिचा गुडघा फुटला.

काविका तेव्हा चाकाच्या खुर्चीत होता. छातीत पाणी झाले होते आणि डॉक्टरांनी खरे ते सांगून टाकले होते. तरी तो पोट धरून हसला. "अगं शहाणे, तिथे वीतभर पाणी. पंख घेऊन काय करशील? सपाट पोटाची पाहिजे." मग हसू ओसरले आणि त्याने माझ्याकडे पाहिले. "आणि मलाही आता तीच लागणार आहे," तो म्हणाला.

ते मला न्यायला आले तेव्हा हॉलमध्ये गर्दी नव्हती. खुर्चीत काविका, मागे नोहेआ, समोर हॉलिस साहेब, आणि बाजूला किल्ल्यांचा जुडगा घेऊन पहारेकरी अंकल सिओने.

"साहेब, पोरीला घरी न्यायला आलोय," काविका म्हणाला.

"कुठली पोरगी?"

नोहेआने काचेकडे बोट केले. हॉलिस साहेब खुर्चीशी उकिडवे बसले आणि मऊ आवाजात म्हणाले, "काविका, ती आता सगळ्या बेटाची आहे. समुद्रात नेली आणि दुभंगली, तर पुढच्या मुलांना मी काय दाखवू? तुम्ही ती भेट दिलीत, म्हणून तर ती वाचली."

"भेट नाही दिली. हानाई दिली."

"त्यात फरक काय आहे?"

काविकाला दम लागला होता. उत्तर अंकल सिओनेने दिले, जमिनीकडे बघत. "साहेब, हानाई दिलेलं लेकरू मयताला घरी येतं. तेवढाच फरक."

हॉलिस साहेबांनी आपल्या वरच्या लोकांना विचारतो म्हणून सांगितले, आणि विचारलेही. उत्तर नाही असे आले. ते सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. भरपाई म्हणून ते म्हणाले की विधी इथेच करा, तलाव एक सकाळ बंद ठेवतो, फळी आपण पाण्यात उतरवू. काविका म्हणाला, "घंटा वाजवून पोचवणार काय मला?" आणि इतका हसला की नोहेआला त्याची पाठ चोळावी लागली.

मला वाटले होते तो भांडेल. काच फोड, असे नोहेआला सांगेल. पण तो तिला म्हणाला, "हिचं माप घे."

अंकल सिओनेने पुसायच्या निमित्ताने काच उघडली. नोहेआने माझ्यावर जुनी चादर धरली आणि कोळशाने माझी कड काढत गेली. काविका खुर्चीतून सांगत होता, इथे वळण सावकाश, इथे पातळ. मग त्याने माझ्या डाव्या कडेवर हात ठेवला. किती वर्षांनी. "ही बाजू जाड राहिलीय, माझ्या हातून चूक झाली होती."

"मग नव्या फळीत सुधारू?"

"नको. तिची चाल त्यामुळेच आहे. चुकीसकट कर."

तो हात काढायला तयार नव्हता आणि मी त्याला धरून ठेवू शकत नव्हते. खरे सांगते मित्रांनो, त्या न झालेल्या फळीचा मला इतका मत्सर वाटला की मला लाज वाटली. अंकल सिओनेने काच पुन्हा लावली तेव्हा किल्ली दोनदा चुकली.

त्यानंतर काविका आला नाही. एका रविवारी सकाळी नोहेआ सरळ समुद्रातून आली, केस ओले, पायांना वाळू, तिकीट खिडकीवरच्या मुलीने तिला अडवले नाही. तिने काचेवर कपाळ टेकले आणि हलक्या आवाजात मला सगळे सांगितले. नव्या फळीवरून टूटूची राख आत नेली. आमच्या बुडालेल्या गल्लीवरच्या पाण्यात, जिथे त्याचे स्वयंपाकघर होते तिथे, सगळे गोल बसले. हॉलिस साहेबही आले होते, बूट घालून, कमरेइतक्या पाण्यात फुलांचा हार घेऊन उभे होते आणि रडत होते. परत येताना तिने ती लाट घेतली. नव्या फळीचे पोट सिमेंटला कुठे घासलेसुद्धा नाही. आता गावातली चारदोन मुले तशाच सपाट फळ्या करायच्या मागे लागली आहेत. इथून पुढे बहुतेक असेच चालेल. बरीच मुले घंटेच्या लाटेवर शिकतील, आणि काही थोडी बुडालेल्या रस्त्यांवर आपली लाट शोधत फिरतील.

"तू यायला हवी होतीस," ती म्हणाली, आणि तिच्या शिकवणीची घंटा झाली म्हणून गेली. काचेवर तिच्या कपाळाचा खारट डाग राहिला. दुपारी तो पुसला गेला.

पुढच्या आठवड्यात माझ्याखाली पितळेची नवी पाटी आली. तिच्यावर काविकाचे नाव आहे आणि पुढे लिहिले आहे, यांनी बेटाला दिलेली भेट.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी हाताने, जीव लावून केलेली वस्तू असेल तर ती वापरा. ओली झाली तर वाळवा, तडा गेला तर सांधा, उसनी मागितली तर द्या. ती झिजेल, झिजू द्या. पण जपण्याच्या नावाखाली तिचे काम तिच्यापासून तोडू नका. आणि कधी इकडे आलात तर मी किती सुंदर आहे ते बोलू नका. त्या पाटीजवळ उभे राहून कोणालातरी एवढे सांगा, की ही या माणसाच्या घरची लेक होती आणि हिला बापाच्या मयताला पाठवले नाही.