पाववालीचा चुकलेला सूर

या गावात गुपित ठेवायला एकच जागा होती, ती म्हणजे पाववालीची मैद्याची कोठी. बाकी सगळं गाव उघडंच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये दोन रस्ते आणि त्या रस्त्यांवर एकमेकांच्या खिडकीत डोकावत जाणारी माणसं. सकाळी कुणी दोनदा शिंकलं, तर दुपारपर्यंत शेजारपाजार औषध घेऊन दारात हजर, आणि संध्याकाळी जो उशिरा पोचतो तो विचारतो, "उतरला का ताप?" खाऱ्या हवेनं दारं फुगतात, बिजागऱ्या गंजतात, मग दारं नीट लागत नाहीत. आणि दारंच लागत नाहीत तिथं लपणार काय, कपाळ?

मैद्याच्या कोठीचं दार मात्र लागायचं, कारण आतून पाववाली त्याला पोतं लावून बसायची. पहाटे पावाची पहिली खेप भट्टीत सरकवली की ती कोठीत शिरायची, पोत्यांमागून ट्रम्पेट काढायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याचं तोंड मैद्यात खुपसायची आणि एकच ओळ वाजवायची. पुन्हा तीच. पुन्हा तीच. सुराबरोबर ट्रम्पेटातून मैदाही उडायचा. बाहेर यायची तेव्हा भुवयांपर्यंत पांढरी झालेली असायची.

"मैदा चाळतेस की त्यात लोळतेस?" नवरा विचारायचा. तो पूर्वी लाँच चालवायचा. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर त्याने लाँचचं चाक मुलाच्या हातात दिलं आणि स्वतः भट्टीपाशी स्टूल टाकून बसला.

"तुम्ही पावाकडे बघा," ती म्हणायची.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. त्यासाठी आधी बँड सांगायला हवा.

गावाच्या धक्क्यावर एक भोंगा होता. धुकं पडलं की तो वाजवायचे, म्हणजे पाण्यावरच्या माणसाला किनारा कुठे आहे ते कळायचं. तो बिघडला. सुटा भाग मागवला आणि तो येईपर्यंत धुक्यात बँड वाजवायचा असं ठरलं. सुटा भाग अजून यायचाय. दरम्यान बँडमधली तरणी माणसं म्हातारी झाली. मोठा ढोल शिंप्याकडे, क्लॅरिनेट दातांच्या डॉक्टरांकडे, झांजा पोस्टमनकडे आणि ट्रम्पेट पाववालीकडे. सगळ्यांना मिळून एकच चाल येते, तेव्हा तीच वाजवतात. खाडीपलीकडच्या गावाने पुढे हेच सुरू केलं, आणि चालही हीच उचलली. वर ती चांगली वाजवली. याला आमच्या गावात खडूसपणा म्हणतात.

चांगली म्हणजे काय, तर त्यांच्याकडे ती वरपर्यंत जायची. दुसऱ्या ओळीत चाल चढत चढत एका उंच सुरावर जाऊन थांबते. पाववाली त्या सुरावर पोचायची आणि पोचल्या पोचल्या घसरायची. थोडी नाही, चांगली घसरायची, जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तशी. पहिल्या दिवसापासून. त्या काळी नवरा लाँचवर, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून ती मुलाला कडेवर घेऊन धक्क्यावर उभी राहायची आणि एका हातानं ट्रम्पेट वाजवायची. मुलगा मोठा झाला, कडेवरून उतरला, लाँचवर चढला, त्याचं लग्न झालं. घसरणं मात्र तसंच राहिलं. कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

मग सून आली. सून संगीत शिकलेली. दिसायला शांत, पण कानांनी भयंकर. तिने पहिल्यांदा बँड ऐकला तेव्हा ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शाळेच्या रिकाम्या वर्गात बोलावलं. शिंपी ढोलावर नेहमी घाईत असायचा, त्याला तिने थांबायला शिकवलं. डॉक्टरांची क्लॅरिनेट किंचाळायची, तिला बोलायला शिकवलं. पोस्टमनला तिने एवढंच सांगितलं, "दादा, तुम्हाला वाटेल तेव्हा नाही, मी मान हलवेन तेव्हा." बँड सुधारला. लोक वर्गाच्या खिडकीशी गर्दी करू लागले.

राहिली पाववाली. सुनेनं प्रेमानं सांगून पाहिलं, गाऊन दाखवलं, बोटं धरून दाखवलं. सूर घसरायचाच. शेवटी सुनेनं हात टेकले आणि फार हळू आवाजात म्हणाली, "आई, तेवढ्या जागी तुम्ही नुसतं वाजवल्यासारखं करा. गाल फुगवा, पण फुंकू नका."

पाववाली "बरं" म्हणाली. मनातून मात्र तिला फार लागलं. गाल फुगवायला काय, बेडूकही फुगवतो! दुसऱ्या दिवसापासून तिने कोठी गाठली.

आणि एका पहाटे तो सूर लागला. सरळ, स्वच्छ, वरच्या वर. ती स्वतःच दचकली. पुन्हा वाजवला, पुन्हा लागला. तिने पोत्याला मिठी मारली. मग बाहेर येऊन नवऱ्याच्या डोक्यावर मैद्याने भरलेला हात फिरवला, दोन पाव उचलून त्यांचीच झांज वाजवली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला बिस्किटं फुकट दिली. ते गिऱ्हाईक बिस्किटं घेऊन तडक डॉक्टरांकडे गेलं आणि म्हणालं, पाववालीला जरा बघून या.

त्याच दुपारी धुकं पडलं, त्या मोसमातलं पहिलंच.

धुकं असं, की धक्क्यावर उभं राहिलं तर स्वतःचे बूट दिसेनात. लाँच तालुक्याच्या बाजारातून परतत होती. चाकावर पाववालीचा मुलगा, आत बाजाराला गेलेलं निम्मं गाव. शिंप्याने दुकानातूनच ढोल बडवून खबर दिली. डॉक्टर एका पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून निघाले. पोस्टमन झांजा घेऊन धावला. सून आपल्या चिमुरड्या लेकीला, पाववालीच्या नातीला, कडेवर घेऊन आली आणि पाववालीचा नवरा भट्टीवरून काठी टेकत आला. सगळ्यांच्या आधी पाववाली पोचली होती, कारण तिला आज पंख फुटले होते.

"आई, त्या जागी..." सून म्हणाली.

"माहीत आहे गं," पाववाली म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

बँड सुरू झाला. शिंपी थांबायच्या ठिकाणी थांबला, क्लॅरिनेट गोड बोलली, झांज मान हलल्यावरच वाजली. दुसरी ओळ चढू लागली. सुनेनं काळजीनं सासूकडे पाहिलं. पाववालीने डोळे मिटले, फुंकलं, आणि सूर थेट वर जाऊन उभा राहिला. हलला नाही, डुलला नाही. सुनेचं तोंड उघडंच राहिलं. "आई!" ती ओरडली. "आई, अहो, लागला!" डॉक्टरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढून टाळ्या वाजवल्या. पाववालीला आकाश ठेंगणं झालं. आता थांबणार कोण? त्यांनी चाल पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली, दर वेळी आधीपेक्षा देखणी. इतका सुरेख बँड त्या धक्क्याने जन्मात ऐकला नव्हता.

"गप्प बसा!" नवरा अचानक ओरडला. "इंजिन ऐका."

सगळे गप्प झाले. धुक्यात लाँचचं इंजिन ऐकू येत होतं. मघाशी जवळ होतं, आता लांब होतं. आणि आणखी लांब चाललं होतं.

"हा कुठं निघाला?" शिंपी म्हणाला. "तिकडे तर खडक आहेत!"

खाडीच्या तोंडाशी, दोन गावांच्या मधोमध, खडकांची रांग आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते आणि दिसत नाही, म्हणून जास्तच वाईट. फोनला तिथे रेंज नसते. तरी पोस्टमनने लावून पाहिला, आणि फोनमधल्या बाईने त्याला पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं.

सून जागच्या जागी उभी होती. कान धुक्याकडे, नजर सासूकडे. "बाबा," तिने सासऱ्यांना विचारलं, "तुम्ही लाँच चालवायचात, तेव्हा धुक्यात कसं ओळखायचात? आपला बँड कुठला आणि पलीकडचा कुठला?"

"त्यात काय ओळखायचं?" नवरा म्हणाला. "जिथे सूर चुकला ते आपलं गाव. त्याच्याकडे तोंड करून सरळ यायचं. नीट वाजलं की समजायचं पलीकडचं, आणि त्याच्याकडे पाठ फिरवायची. मीच शिकवलं त्याला ते..." आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला.

मग सगळे एकदमच बोलले.

"चुका!" सून ओरडली. "सगळे चुका!"

सगळे चुकले. शिंप्याने ढोल भलत्याच जागी बडवला, डॉक्टर किंचाळले, पोस्टमन तर कित्येक महिने दाबून ठेवलेला सगळा उत्साह घेऊन झांजांवर तुटून पडला. नुसता कल्लोळ झाला. असल्या कल्लोळाला कुठलं गाव म्हणायचं? इंजिनाचा आवाज थबकला, घुटमळला आणि पुन्हा दूर जाऊ लागला.

"तसं नाही!" सून म्हणाली. "नेहमीचं! आईंचं! बाकीचे नीट वाजवा, तेवढा एकच सूर चुकायला हवा. आई, वाजवा!"

पाववालीने वाजवला. बरोबर लागला. पुन्हा वाजवला. पुन्हा बरोबर! इतकी वर्षं न बोलावता येऊन बसणारी चूक आज हाका मारून येईना. तिने मुद्दाम खाली फुंकलं, तर भलताच सूर निघाला. मुद्दाम वर फुंकलं, तर तिसराच. "चुकव गं, चुकव!" नवरा काठी आपटत होता. "अहो, मी काय करू!" ती रडकुंडीला आली. "तो कसा चुकायचा तेच मला आठवत नाही!" आणि तिला खरंच रडू फुटलं. पोरगा खडकांकडे चाललाय आणि आपण इथे सुरात वाजवतोय!

या आरडाओरड्याने नात बिथरली. आईच्या कडेवरून तिने आजीकडे झेप घेतली. बेकरीत ती दिवसभर आजीच्याच कडेवर असायची, तिला दुसरी जागा पटतच नसे. पाववालीने सवयीने कंबर बाहेर काढली, डावा हात पोरीभोवती घातला आणि ट्रम्पेट उजव्या हातात राहिलं.

तिच्या कमरेला ते ओझं ओळखीचं वाटलं. कंबर तशीच कलली होती, खांदा तसाच उचलला होता. याच धक्क्यावर, अशाच धुक्यात.

"वाजवा," ती डोळे पुसत म्हणाली. "पहिल्यापासून."

ढोल लागला, क्लॅरिनेट लागली. दुसरी ओळ चढू लागली. नात चकाकत्या पितळेकडे टक लावून बघत होती. सूर वर पोचला मात्र, तिने चिमुकला हात लांब करून ट्रम्पेटाची कड पकडली आणि सगळा जीव लावून खाली ओढली.

सूर घसरला. अगदी तसाच, चुकलेल्या पायरीसारखा.

"हाच!" नवरा ओरडला. "हाच तो! ओढ गं माझी बाय, ओढ!"

त्यांनी चाल पुन्हा वाजवली. पुन्हा, पुन्हा. नातीला तर खेळच मिळाला. दर वेळी ती सूर वर जायची वाट बघायची, ओढायची आणि खिदळायची. इंजिन थांबलं. पाववाली वाजवत राहिली, डोळ्यांतून पाणी, गाल फुगलेले. मग धुक्यातून लाँचची लांबलचक शिटी आली. म्हणजे, ऐकलं, येतोय. इंजिन वळलं, जवळ आलं, आणखी जवळ, आणि धुक्यातून लाँचचं नाक बाहेर आलं तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शिंप्याने आनंदाने ढोल असा बडवला की चामडंच फाटलं. पोस्टमनला आता आवरायला कुणाची मान हलत नव्हती. लाँचमधलं निम्मं गाव पिशव्या डोक्यावर धरून नाचतच उतरलं, आणि धक्क्यावरचं निम्मं गाव त्यांच्यात मिसळून नाचू लागलं. डॉक्टरांना तेवढ्यात आठवलं की खुर्चीत एक माणूस तोंड उघडं ठेवून बसलाय. ते पळाले.

मुलगा सगळ्यांच्या शेवटी उतरला. चेहरा पांढराफटक, पण ओठांवर हसू. "मधेच काय झालं होतं तुम्हाला?" तो म्हणाला. "इतकं चांगलं वाजलं, मी म्हटलं, हे आपण नव्हे! फिरवली लाँच. खडकावरचा फेस दिसला तेव्हा मागून तो सूर आला."

"माझं चुकलं," सून म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरून उभी राहिली. "शाळेच्या वर्गात हवं तितकं नीट वाजवू. धुक्यात मात्र आई आणि ही."

"तो सूर मी कुठूनही ओळखेन," मुलगा म्हणाला. "पण आई, तू बरोबर तेवढ्याच जागी कशी गं चुकायचीस?"

पाववालीने कडेवरच्या नातीकडे पाहिलं. तिने ट्रम्पेटाची कड अजून सोडली नव्हती.

"मी कुठे चुकायचे?" ती म्हणाली. "तू ओढायचास."