पिवळ्या मीटरशेजारचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना टेस्ट लॅम्प आहे, आणि मला एका पिवळ्या मीटरचा हेवा वाटतो. ही गोष्ट मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे सारे ऐकताना तुम्हाला वाटेल की मी मोठा समंजस आहे. तसा मी नाही.

टेस्ट लॅम्प म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. माझ्यात दाखवण्यासारखे काही नाही. स्कूटरच्या इंडिकेटरचा एक छोटा बल्ब, त्याला जोडलेल्या दोन वायरी, एका वायरीला चिमटा आणि दुसरीला घासून टोकदार केलेला सायकलचा स्पोक. चिमटा गाडीच्या लोखंडी अंगाला लावायचा आणि स्पोकने जिथे शंका असेल तिथे टोचायचे. वीज तिथवर पोहोचली असेल तर मी पेटतो, नसेल तर नाही. माझे शिक्षण एवढेच.

मला आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बनवले. तेव्हा त्यांच्या डोक्यावर भरपूर केस होते आणि गॅरेजमध्ये हत्यारे मात्र मोजकी होती. स्पोकला मूठ हवी म्हणून त्यांनी एका वाळलेल्या पेनाची नळी कापून बसवली. तिच्यावर आजही निळ्या शाईचा डाग आहे. मी पहिल्यांदा पेटलो तेव्हा मिस्त्रींनी बायकोला घरातून हाक मारून बोलावले होते. ती पदराला हात पुसत आली, माझ्याकडे पाहून छान आहे म्हणाली आणि गॅसवर दूध आहे म्हणून लगबगीने परत गेली. माझे पहिले कौतुक ते तेवढेच, पण मी ते विसरलेलो नाही.

पुढची तीस वर्षे मी त्या गॅरेजचा राजा होतो. ट्रक, जीप, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरणीचा टेम्पो, काही म्हणून सोडले नाही. कोणाची गाडी मध्येच बंद पडली की मिस्त्री म्हणायचे, "थांबा, आधी दिव्याला विचारू." दिवा म्हणजे मी. गिऱ्हाईक श्वास रोखून माझ्याकडे बघत उभे राहायचे. मी भाव खात नव्हतो असे म्हणणार नाही. बाकावरच्या खिळ्यावर मी एकटा लटकत असे, आणि तो खिळा माझ्याच नावाचा होता.

मग बारकीने मीटर आणला.

बारकी म्हणजे मिस्त्रींची मुलगी. तिला घरात सगळे बारकी म्हणतात, पण ती वडिलांपेक्षा वीतभर उंच आहे. विजेच्या कामाचा दोन वर्षांचा कोर्स करून ती गॅरेजमध्ये रुजू झाली आणि येताना हा पिवळा पाहुणा घेऊन आली. त्याला विजेचे आकडे दाखवणारा पडदा, लाल-काळ्या मऊ वायरी आणि राहायला चेनची पिशवी. जोडणी ठीक असली की तो गोड आवाजात 'पीं' करतो. तो 'पीं' ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. रोज संध्याकाळी बारकी त्याला पिवळ्या फडक्याने पुसते. मला तीस वर्षांत कोणी पुसले नव्हते. आणि मित्रांनो, तिने तो अडकवला कुठे? माझ्याच खिळ्यावर! मला भिंतीकडे सरकवले आणि तो पुढे बसला. तेव्हापासून गिऱ्हाइकांना तो दिसायचा आणि मला त्याची पाठ.

हळूहळू मला कोणी खाली काढीनासे झाले. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले. मी एकच इच्छा धरून बसलो होतो. एकदा, फक्त एकदा, या मीटरला हात टेकताना पाहायचे.

ती संधी गवतगाडीने आणली.

आमच्या गॅरेजच्या मागच्या खिडकीतून शाळेचे मोठे मैदान दिसते. ते मैदान बावीस वर्षे माळीकाकांनी राखले आहे. गवत इतके सारखे की चेंडू कुठेही वेडावाकडा उसळत नाही. ते ढकलायच्या यंत्रामागून चालत गवत कापायचे. पण गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी तसे चालायला सक्त मनाई केली. म्हणून त्यांनी कोणाची तरी वापरलेली, बसून चालवायची गवत कापायची गाडी घेतली. विकणाऱ्याच्या अंगणात ती एका किल्लीत सुरू झाली होती. माळीकाकांनी तिला घरी आणून पंधरा दिवस खपून चकाचक केले. आणि मैदानावर न्यायच्या दिवशी किल्ली फिरवली, तर काही नाही. खट् नाही, खुट् नाही.

सोमवारी ती गाडी टेम्पोतून आमच्याकडे आली. काय दिसत होती म्हणून सांगू! हिरवागार नवा रंग, डबक्यात दिसावे तसे त्यात तोंड दिसत होते. जो येई तो आधी रंगाला नावाजत होता. माळीकाका तेवढ्यापुरते हसायचे आणि मग बाकाचा कोपरा धरून उभे राहायचे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मैदान कापून तयार हवे होते. शनिवारी सकाळी शाळेची समिती पाहणीला येणार होती. काम झाले नसेल तर मैदान बाहेरच्या कंपनीकडे जाणार, असे त्यांना स्वच्छ सांगितले होते. मिस्त्री म्हणाले, समितीकडून आठवडाभर मुदत मागून घ्या. माळीकाका म्हणाले, "मुदत मागितली की ते विचारणार, का. मला आता चालत कापता येत नाही, हे त्यांना कळलं की संपलंच."

बारकीने मीटर काढला. मी भिंतीवरून टक लावून पाहत होतो. तिने काळी तार गाडीच्या अंगाला आणि लाल तार बॅटरीला लावली. पडद्यावर बारा पॉइंट सहा आले. बॅटरी उत्तम. फ्यूजवर 'पीं'. ब्रेकच्या स्विचवर 'पीं'. सीटखाली एक स्विच असतो. कोणी बसलेले नसेल तर तो गाडी सुरूच होऊ देत नाही. तो दाबून पाहिला, तिथेही 'पीं'. मीटर जिकडेतिकडे सगळे छान छान म्हणत होता आणि गाडी मात्र ढिम्म हलत नव्हती.

सगळे ठीक आहे म्हणजे सोलेनॉइड गेला असणार, असे बारकीने ठरवले. किल्ली फिरवली की स्टार्टरकडे वीज सोडणारा तो डबा. तो मागवायला दोन दिवस गेले. गुरुवारी बसवला. माळीकाका स्वतः सीटवर बसले, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. काही नाही. मग एक नवी कोरी बॅटरी आणून लावली. तरी काही नाही.

मित्रांनो, तेव्हा मला आनंद झाला. माळीकाका सीटवरून उतरताना गुडघा दोन्ही हातांनी धरून उतरले. मी ते पाहिले, आणि तरीही मला आनंदच झाला. मीटर तोंडघशी पडला एवढेच मला दिसत होते. आज ते आठवले की माझी मलाच लाज वाटते.

शुक्रवारी दुपारी मिस्त्रींनी मला खिळ्यावरून काढले. किती महिन्यांनी त्यांचा हात लागला! त्यांनी फुंकर मारून जाळे उडवले. बारकी बाजूला उभी होती, माळीकाका होते, आणि बाकावर तो पिवळा आडवा पडला होता. मी मनात म्हटले, आता बघच. आता असा पेटतो की तुझे डोळे दिपतील.

मिस्त्रींनी सवयीप्रमाणे माझा चिमटा गाडीच्या अंगाला लावला आणि स्पोक बॅटरीच्या प्लसवर टेकवला.

मी पेटलो, पण कसा? विझत आलेल्या उदबत्तीसारखा. जोर लावला, जीव एकवटला, पण तारेत नुसती तांबूस रेघ उमटली. सर्वांसमोर, त्या मीटरसमोर, मी मंद पडलो.

मिस्त्रींनी कपाळाला आठ्या घातल्या. बॅटरी नवी आहे, मीटर बारा पॉइंट सहा सांगतो, तेव्हा खराब असणार तो दिवाच, असा हिशोब त्यांनी मनाशी केला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्यापेक्षा दुसऱ्यावर विश्वास ठेवला. "हाही गेला," असे म्हणून त्यांनी मला भंगाराच्या डब्यात टाकले.

डब्यात माझ्या शेजारी एक तुटका आरसा होता. त्यात मला माझा बल्ब दिसला, काजळलेला. मला वाटले, संपले. मी खरेच म्हातारा झालो, आणि शेवटचा पेटलो तो हसे करून घ्यायला.

इतक्यात दोन बोटे आत आली. बारकीची. तिने मला बाहेर काढले आणि बाकावर ठेवले. कसली तरी शंका तिला आली असावी. तिने मीटरची लाल तार माझ्या स्पोकला आणि काळी तार चिमट्याला लावली. म्हणजे माझी तपासणी कोण करणार, तर तो! मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळे नाहीत.

आणि तो म्हणाला, 'पीं'.

स्वच्छ, मोठ्याने. बारकीने वायर वाकवून, हलवून पुन्हा पाहिले. पुन्हा 'पीं'.

"बाबा, दिवा चांगला आहे," ती म्हणाली. "मग तो मंद का लागला?"

मिस्त्रींनी मला हातात घेतले आणि माझी दोन्ही टोके थेट बॅटरीवर लावली. मी लखलखलो. मग चिमटा मायनसवरून काढून गाडीच्या अंगाला लावला. मी पुन्हा मंद. बॅटरीवर लख्ख, अंगावर मंद. मिस्त्रींनी हे तीनदा केले आणि मग सावकाश म्हणाले, "अर्थ. बॉडीला अर्थच नाही मिळत."

बॅटरीतून निघालेली वीज गाडीभर काम करून परत बॅटरीत यावी लागते. तिची परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. तिथली जोडणी, म्हणजेच अर्थ, अर्धवट असेल तर सगळे अडते. मीटरला हे का कळले नाही? त्याचे पोट लहान आहे. नळाला पाणी आहे का हे तो एक थेंब चाखून सांगतो. मी बादली लावतो. पाणी बारीक येत असेल तर ते बादलीलाच कळते. बारकीने किल्ली फिरवलेली असताना मोजले असते तर त्यानेही सांगितले असते, पण तिने बंद गाडीवर मोजले होते. चूक त्याची नव्हती. हे कबूल करणे माझ्या जिवावर येते, तरी करतो.

बॅटरीची काळी वायर शोधत बारकी सीटच्या खाली शिरली. ती वायर एका बोल्टने गाडीच्या अंगाला घट्ट आवळलेली होती. बोल्ट हिरवागार, वॉशर हिरवागार, खालचे लोखंडही हिरवेगार, आणि रंगातून वीज धड जात नाही.

तिने बाहेर येऊन माळीकाकांना विचारले, रंग देताना हे सगळे सोडवले होते का. काकांचा चेहरा उजळला. एकूण एक बोल्ट काढला, म्हणाले, सुटा सुटा रंगवला, वायरींच्या टोकांनाही सोडले नाही. "कुठंही गंज धरू नये म्हणून आतूनसुद्धा दोन हात दिलेत."

कोणी हसले नाही. मिस्त्रींनी त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि तो बोल्ट काढून समोर ठेवला. माळीकाकांनी काय ते ओळखले. पंधरा दिवस ज्या मायेने रंग चढवला होता, त्याच मायेने त्यांनी तो खरवडून काढला. लोखंड उघडे पडले, चमकले. बारकीने वायर पुन्हा आवळली. मिस्त्रींनी माझा चिमटा गाडीच्या अंगाला लावला, स्पोक प्लसवर टेकवला आणि मी भर दुपारी असा पेटलो की माळीकाकांच्या चष्म्यात दोन दिवे दिसले.

काका सीटवर बसले. ब्रेक, किल्ली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. ते हात उंच करून मागच्या फाटकातून थेट मैदानात गेले. ऊन उतरेपर्यंत खिडकीतून तो आवाज जात-येत होता. शनिवारी समितीचे लोक मैदानभर फिरले आणि जाताना गाडीच्या रंगाला छान म्हणून गेले. मैदान माळीकाकांकडेच राहिले.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्रींनी मला पुसले. त्याच पिवळ्या फडक्याने. बल्ब, चिमटा, पेनाची नळी, सगळे पुसले. मग बारकीने आम्हा दोघांना त्याच खिळ्यावर शेजारी शेजारी अडकवले.

मित्रांनो, जुने साधन मंद दिसले की लगेच डब्यात टाकू नका. कदाचित ते खरे तेच सांगत असेल. हे सांगायला मी तुमच्यापुढे आलो, पण मनातले आणखी एक राहिले आहे. त्या दिवशी मीटर गप्प बसला असता तर मी भंगारात गेलो असतो आणि खिळा त्याला एकट्याला मिळाला असता. त्याच्या जागी मी असतो तर मी गप्पच बसलो असतो. तो गप्प बसला नाही, याचाच मला आता सर्वांत जास्त हेवा वाटतो.

परवापासून त्याच्या पडद्यावरचे आकडे फिके दिसू लागले आहेत. त्याचा सेल संपत आला आहे, आणि बारकीचे अजून लक्ष गेलेले नाही. मला तिच्याशी बोलता येत नाही, 'पीं' तर मुळीच करता येत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या गॅरेजवरून जाणार असाल तर तिला एवढे सांगा. सर्वांसमोर मंद पडणे काय असते ते मला ठाऊक आहे. त्याला लवकर नवा सेल घाला.