सगळ्यांचा उपास

वाटीतलं दूध पटकन निवतं, पातेल्यातलं उशिरा. प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाई आपलं बोलणं नेहमी इथूनच सुरू करत. "देहाचंही तसंच बघा. हत्ती म्हणजे पातेलं आणि चिचुंद्री म्हणजे वाटी. जीव जितका लहान, तितकी अंगातली ऊब लवकर निसटते. म्हणून देवाने लहानग्यांच्या पोटात चूल दिली, ती सदा धगधगती." त्यांच्या वाणीत असा गोडवा होता, की लोक पिंजऱ्यातला प्राणी सोडून बाईंकडेच बघत राहत.

आणि याच बाईंच्या शब्दाने राई उपाशी मेली.

राई म्हणजे तिथली सगळ्यात चिमुकली रहिवासी, अंगठ्याएवढी चिचुंद्री. शेजारच्या काचपेटीत तिचा जोडीदार, तीळ. नावं त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या मामांनी ठेवलेली. मामांचं सगळं आयुष्य हत्तींपाशी गेलं होतं. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्यांना लहान प्राण्यांच्या दालनात आणलं. "आयुष्यभर डोंगर धुतले, आता कण सांभाळतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

वाघ आणि लांडगे अंगाने सुटत चालले होते. मोठ्या शिकारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवायची रीत या कामात जुनीच. बाई प्राण्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सोमवारी मांस खाणाऱ्या सगळ्यांचा उपास."

"सगळ्यांचा?" मामांनी विचारलं.

"सगळ्यांचा म्हणजे सगळ्यांचा, मामा. तुमचे लाड मला ठाऊक आहेत. कुणाच्या तरी तोंडात गुपचूप घास कोंबाल."

सगळे हसले, मामाही हसले. चिचुंद्री किडे खाते, म्हणजे मांसाहारीच. हत्ती एखादा दिवस न खाता रुसून बसला, तरी त्याचं काही बिघडत नाही, हे मामांनी कितीदा पाहिलेलं. त्यांनी हुकूम पाळला.

मंगळवारी सकाळी राई मातीत गोळा होऊन पडली होती. बाईंनी तिला तळहातावर घेतलं. हातावर काही आहे असं वाटतच नव्हतं. सोमवारच्या उपासाचे ते शब्द त्यांच्या कानात वाजले आणि त्यांना सगळं कळलं.

तेवढ्यात मोठे साहेब आले. बाईंनी तोंड उघडायच्या आत मामाच पुढे झाले. "साहेब, खिडकी माझ्या हातून उघडी राहिली. दालनात वास कोंडतो म्हणून उघडली होती. गारठ्याने गेली बिचारी."

"हत्तींत राहून अक्कलही जाडी झाली का, मामा?" साहेब म्हणाले. "उद्यापासून फाटकावर बसा. तिथे काही मरत नाही."

बाई शेजारीच उभ्या होत्या. एरवी तासभर न थांबणारी जीभ टाळूला चिकटली. साहेब गेल्यावर मामा त्यांनाच समजावू लागले. "वाईट वाटून घेऊ नका, बाई. चूक माझी."

"होतं असं, मामा," बाई म्हणाल्या.

असं म्हणवलं तरी कसं आपल्याला? घरी पहिला घास उचलला आणि त्यांनी तो परत ताटात ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "आज उपास का गं?" त्यावर त्या उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. देवापुढे हात जोडायचीसुद्धा लाज वाटली. खिडकीही होतीच की, असं मनाला सांगून पाहिलं. पण मनही त्यांचंच, शिकलेलं. गारठ्यात चुलीला जळण जास्त लागतं, हे त्याला ठाऊक होतं. जळण असतं, तर राई त्या खिडकीला पुरून उरली असती.

दुसऱ्या दिवशी दालनात पाहुण्यांचा घोळका जमला. मामा आपला डबा आणि छत्री घेऊन निघाले होते, ते दाराशी थांबले. बाईंचं बोलणं त्यांना फार आवडायचं. बाईंनी वाटी आणि पातेलं सांगितलं, पण आज शब्द नुसते बाहेर पडत होते. मग एका आजींनी काचेला नाक लावून विचारलं, "अगं बाई, एवढंसं पोट, आणि सारखं खातं? मग एक दिवस नाही दिलं तर?"

बाईंना खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"मरते," त्या म्हणाल्या. "एका दिवसात मरते, आजी. आमची मेली. उपास मी सांगितला होता."

आजींनी पदर तोंडाला लावला. घोळका हळूहळू पांगला. मामा दारातच उभे होते.

"म्हणजे खिडकी नव्हती?"

"खिडकीने भर घातली. मारलं उपासाने. तुम्ही विचारलं होतंत, सगळ्यांचा का म्हणून. मी हसण्यावारी नेलं. काल साहेबांपुढेही गप्प बसले."

"आणि हा?" मामांनी तिळाच्या पेटीकडे बोट केलं.

"हा दिव्याच्या उबेत होता. शिवाय मातीत जुने किडे उरले असतील. तगला." बाई काचेकडे बघत म्हणाल्या. "मी आत्ता साहेबांकडे जाते. तुम्ही चला, तुमच्यासमोर बोलते."

मामा मग म्हणाले, "काल बायकोला सांगितलं, माझ्या हातून जीव गेला. ती रडली, बाई."

बाईंना मान वर करवेना.

मामांनी डबा आणि छत्री खाली ठेवली, फळीवरची किड्यांची वाटी उचलली आणि बाईंच्या हातात दिली.

"साहेब कुठे पळत नाहीत. याची वेळ झालीय, आधी याला घाला. तुमच्या हाताने."

बाईंनी किडा चिमटीत धरला. तीळ मातीतून नाक काढून आला आणि किडा ओढून घेऊन गेला. मामा मागे उभे राहून बघत होते.

"आणखी," ते म्हणाले.