टेकू काढलेल्या खडकाचं मनोगत

मी पडायला आलेला एक खडक बोलतोय. घाबरू नका, अजून पडलेलो नाही. पडलो असतो तर बोलायला सवड मिळाली नसती.

पनवेलहून गव्हाणकडे येताना डाव्या हाताला एक अर्धी टेकडी दिसते. दुसरी अर्धी उलव्याच्या बिल्डिंगींखाली गेली. त्या उरलेल्या अर्ध्यावर, अगदी कडेला, पुढे झुकलेला काळा धोंडा म्हणजे मी. उंचीला दोन मजले. वजन कुणी केलेलं नाही, पण लवकरच कुणाला तरी अंदाज येईल.

माझा जन्म लाव्ह्यातून झाला. साडेसहा कोटी वर्षं झाली असं सांगतात. मला वाढदिवस आठवत नाही. आधी तापलो, मग थंड झालो, आणि थंड होताना पाठीत एक चीर पडली. पुढे पावसाने ती रुंद केली. तेव्हापासून मी झुकतोय. सावकाश झुकतोय, म्हणून लोकांना मी स्थिर वाटतो.

मग खाली वाडी वसली आणि मी देव झालो. मी काही केलं नव्हतं. एकाने शेंदूर लावला, दुसऱ्याने नारळ फोडला, झालं. दर चैत्रात माझी जत्रा भरते. कोंबडा मला दाखवतात आणि स्वतः खातात. माझी तक्रार नाही.

पण या वाडीची एक रीत फार चांगली होती. जत्रेच्या सकाळी प्रत्येक घरातून एक दगड यायचा आणि माझ्या पोटाखालच्या फटीत ठोकून बसवला जायचा. त्याला टेकू म्हणायचे. घरात नवी सून आली की पहिला टेकू तिचा. हौसा लग्न होऊन आली तेव्हा तिने विचारलं होतं, "ह्यो कशाला?"

सासू म्हणाली, "देव उबा हाय ना कवापासून. पाठ दुकते त्याची."

कारण एवढंच. दुसरं कुणालाच ठाऊक नव्हतं. हौसाचा दीर दाजी घण घेऊन यायचा आणि एकेक दगड असा घट्ट बसवायचा की मला खरंच बरं वाटायचं. पिढ्यान्‌पिढ्यांचे टेकू माझ्याखाली होते. खरं सांगायचं तर मी देव कमी आणि वाडीने सांभाळलेला म्हातारा जास्त होतो.

मग जिओपार्क आला, म्हणजे जुने खडक दाखवायची बाग.

भूशास्त्राच्या अनुया मॅडम आधी आल्या. त्यांनी मला हात लावला, भिंगातून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी चीर मोजली. तिच्यावर त्यांनी आडवी काचेची पट्टी चिकटवली. जिओपार्कचे मॅनेजर निनाद, खांदा कॉलनीत राहणारे, शेजारीच उभे होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "ही काच फुटली की लगेच मला फोन करा. काच फुटली म्हणजे खडक हलला."

"शुअर मॅडम," निनाद म्हणाले. "काचेची पूर्ण काळजी घेऊ."

हे वाक्य ऐकून मी दचकलो. आणि मी सहसा दचकत नाही.

मॅडम रिपोर्ट लिहायला गेल्या. पुढच्याच आठवड्यात निनादसाहेबांनी माझ्याखाली वाकून पाहिलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"हा काय कचरा भरलाय? हेरिटेज आहे ना हे? नॅचरल दिसायला पाहिजे."

"कचरा नाय साहेब," हौसा म्हणाली. "टेकू हाय देवाचं."

"मावशी, साडेसहा कोटी वर्षं उभा आहे तो. तुमच्या दगडांवर उभा आहे का?"

यावर वाडीतले सगळे हसले. हौसाही हसली. प्रश्न बिनतोड होता, फक्त उत्तर 'हो' होतं.

वाडीवर राग धरू नका. पार्क आला की स्टॉल मिळणार, नोकऱ्या मिळणार, रस्ता होणार. सगळ्यांनी मिळून एका दिवसात टेकू उपसले. ज्या घणाने दाजीने ते ठोकले होते, त्याच घणाने सैल केले. शेवटचा निघाला तेव्हा मी जरासा खाली बसलो. बारीक 'कट्' असा आवाज झाला. दाजीने वर पाहिलं, मग स्वतःचा गुडघा चोळला. त्याला वाटलं गुडघाच वाजला.

त्या टेकूंना पांढरा रंग देऊन गेटजवळच्या गवतावर 'वेलकम!' लिहिलंय. सुंदर दिसतं. उद्गारचिन्हाखालच्या टिंबाला मात्र दगड कमी पडला.

मग माझ्या शेजारी बोर्ड लागला: 'कोट्यवधी वर्षांपासून अचल'. बोर्डाच्या खांबासाठी माझ्या टाचेत ड्रिलने भोकं पाडली.

त्याच संध्याकाळी काच फुटली.

निनादसाहेबांनी दिलेला शब्द पाळला. काचेची पूर्ण काळजी घेतली. तुकडे पर्यटकांच्या पायात जाऊ नयेत म्हणून झाडून घेतले आणि तिथे जाड ॲक्रिलिकची पट्टी स्क्रूने बसवली. गाडी वरून गेली तरी न फुटणारी. दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला.

"काच कशी आहे?"

"एकदम अखंड, मॅडम. फोटो पाठवतो."

फोटोत पट्टी छान चमकत होती. आता ती थोडी वाकलीय. वाकल्यामुळे अजून चमकते.

पर्यटक येतात. सगळ्यांची एकच पोझ. काही जण माझ्याखाली उभे राहून दोन्ही हात वर करतात, जणू मला तोलून धरलंय. बाकीचे मागून ढकलल्यासारखं करतात. परवा एक अख्खं ऑफिस सहलीला आलं होतं. "वन, टू, थ्री, पुश!" म्हणाले आणि त्यातल्या एकाने खरंच जोर लावला. मी हललो ते त्याच्या तळहातांना कळलं. त्याने हात पँटला पुसले आणि ग्रुप फोटोत जाऊन उभा राहिला. मित्रांना सांगायला हवं होतं.

आणि यंदाचा चैत्र आला. हौसा सकाळीच नवी साडी नेसून, पदराखाली एक दगड घेऊन गेटवर आली. गेटवर दाजी. अंगात निळा युनिफॉर्म, गळ्यात शिट्टी.

"वयनी, पदराखाली काय हाय?"

"दगड. टेकू घालाचाय."

"बाहेरचा दगड आत न्याला बंदी हाय. ओरिजनल दगडांत मिसळतात."

"मेल्या, घण मारून मारून तुजं खांदं गेलं त्याच्याखाली, आन् आता मला बंदी?"

"तवा मला नोकरी नव्हती," दाजी मान खाली घालून म्हणाला. "आन बघ की वयनी, टेकू काढून वरीस होत आलं. कुटं काय झालं?"

 याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मी ते एकदाच देऊ शकतो.

तिने दगड दाजीच्या हातात दिला आणि स्टॉलवर निघून गेली. दाजीने तो उद्गारचिन्हाखाली नीट बसवला. वेलकम पूर्ण झालं.

तिचा स्टॉल कुठेय ते सांगायचं राहिलं. भजी, चहा, लिंबू सरबत. स्टॉलची जागा तिने स्वतः निवडली, माझ्या बरोबर खाली. देवाची नजर राहील म्हणून.

आता माझी विनंती. जिओपार्क बघायला नक्की या. फोटो काढा, पण ढकलू नका. आणि येताना एक दगड आणा. गेटवर अडवतील, तेव्हा पिशवीत डब्याखाली लपवा. फटीत सरकवा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने भजी खायला जा. नाही तर निदान मॅडमना फोन करून सांगा की पट्टी वाकलीय.

जमलं तर लवकर या. पूर्वी दुपारी माझी सावली हौसाच्या स्टॉलच्या अलीकडेच संपायची आणि ती छत्री लावून बसायची. परवा त्याच वेळी सावली तिच्या टेबलाला लागली. आज स्टोव्हच्याही पुढे गेली.

हौसाने छत्री मिटून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघून हात जोडले.

"देवाला कालजी हाय," ती म्हणाली.